पास्कूकाकांची सही

फोन आला तेव्हा मी साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात एका बंधाऱ्याचं ड्रॉइंग तपासत होते. दुसऱ्याच कुठल्या तरी किनाऱ्याचा बंधारा, दुसऱ्याच गावासाठी. स्क्रीनवर सिसिलकाकूंचं नाव दिसलं आणि घ्यावा की नाही या विचारात मी दोन-तीन रिंग तशाच जाऊ दिल्या, हे आधीच सांगून टाकते. मग घेतला. काकू म्हणाल्या, "सुजाता, काका गेले गं तुझे. सकाळी चहा प्यायले, वाडीत जायला उठले आणि पायरीवरच बसले... उद्या चारला मिस्सा आहे. येशील ना?" आवाजात रडू नव्हतं, नुसता थकवा होता. मी "येते" म्हटलं. हाच शब्द मी त्या घराला गेल्या वर्षीही दिला होता आणि पाळला नव्हता.

पास्कूकाका म्हणजे पास्कल. मढच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या एका जुन्या ख्रिस्ती गावातले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना मी विचारलेलं नाही आणि त्यांना न विचारता त्यांच्याबद्दल बरंच काही मी याआधी लिहून बसले आहे. दुसऱ्या दिवशी वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून मी तिथे पोचले. अशा गावात कोणी गेलं की होड्या किनाऱ्याला लागतात, कामं थांबतात, चर्चमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. काकांच्या मिस्सेला, म्हणजे दफनाआधीच्या प्रार्थनेला, जेमतेम पंचवीस माणसं होती. मागचे बाक रिकामे. त्यांचे थोरले भाऊ सांतानकाका भिंतीला टेकून उभे होते. दफनभूमीपर्यंत चालत आले, मूठभर माती टाकली आणि भावाच्या घराची पायरीही न चढता आपल्या घरी निघून गेले. माझ्या पुढे चालणारी एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "ती सही केली नसती ना, तर आज गाव लोटलं असतं." मी ऐकलं. ती सही कशी झाली हे तिथल्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं. मी मान खाली घातली, काकूंचा हात हातात घेतला, सोडला, आणि सहाच्या फेरीने परत आले.

काकांच्या आठवणी लिहायच्या तर मला माझ्याबद्दल जरा जास्तच लिहावं लागणार आहे. त्याला इलाज नाही.

चौदा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्या किनाऱ्यावर गेले तेव्हा भरती-ओहोटी मला पुस्तकातूनच माहीत होती. आमचं मूळ गाव वाशीमकडचं, वडील घाटकोपरच्या एका कारखान्यात वॉचमन, आणि मी घरातली पहिली इंजिनिअर. नुकतीच एका सल्लागार कंपनीत प्रोबेशनवर लागले होते. काम असं, की दर पंधरा दिवसांनी जाऊन किनाऱ्याची उंची मोजायची... सुरूच्या झाडांपासून थेट ओहोटीच्या रेषेपर्यंत. त्यासाठी लेव्हल नावाची दुर्बीण, तिची तिपाई आणि स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी, असं सगळं बरोबर न्यावं लागे. तिसऱ्या खेपेला मी ते घेऊन वाळूतून धापा टाकत चालले होते तेव्हा कुंपणापलीकडून एक उघडाबंब, हाफ पँट घातलेला माणूस म्हणाला, "दर वेळी हे ओझं वर्सोव्यावरून कशाला वाहतेस बाय? ठेव माझ्या ओट्यावर. कोण नेणार आहे?" ते पास्कूकाका. किनाऱ्याच्या मागेच त्यांची वाडी होती. वांगी, पडवळ, लाल माठ, सात-आठ माड आणि गोड्या पाण्याची एक विहीर. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर इतकं गोड पाणी कसं, असं मी विचारलं तर म्हणाले, "मध्ये वाळू आहे ना, ती राखते." आता ते पूर्णवेळ वाडी करायचे; त्याआधीची तीस वर्षं त्यांनी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढली होती. माझं ऑफिस ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याच्या आतल्या गल्लीत.

फिटरचा हात कसा असतो ते मी त्यांच्याकडे पाहिलं. माझा मदतनीस दांडी मारायचा, मग काका स्टाफ धरायला यायचे. पट्टी जरा मागेपुढे झुलवायची म्हणजे सगळ्यात कमी आकडा तो खरा, एवढं मी त्यांना एकदा सांगितलं. पुन्हा सांगावं लागलं नाही. उलट एकदा मीच घाईने आकडा लिहून घेतला तर कमरेएवढ्या पाण्यातून ओरडून म्हणाले, "बघितलंस नीट? मी अजून सरळ केली नव्हती." दुपारी काकू जेवायला बसवायच्या. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. आमच्या घरी मासे क्वचितच. काटा कसा काढायचा ते मला काकूंनी शिकवलं. घरात त्या दोघांची बोली वेगळीच चालायची, मला निम्मी कळायची नाही. माझ्याशी बोलताना मात्र काका शाळेतली मराठी काढायचे आणि काकू त्यांना हसायच्या.

त्या वर्षी श्रावणात मी गेले तर किनारा गुडघाभर खाली उतरलेला. मी घाबरून वहीत 'तीव्र धूप' असं लिहायला घेतलं. काका म्हणाले, "थांब. वाळू चोरीला नाही गेली. ती बघ, तिकडे लाटा फुटतायत ना, तिथं पाण्याखाली पडून आहे. मोठ्या लाटा आल्या की ती आत जाते. मग पाऊस सरला की बारक्या लाटा थोडी थोडी परत आणून ठेवतात. दिवाळीनंतर ये, मग काय ते लिही." दिवाळीनंतर मोजलं तर वाळू वीतभराच्या फरकाने परत जागेवर आली होती. हे सगळं माझ्या पुस्तकात होतं, आकृत्यांसकट. पण मी ते शिकले त्या माणसाकडून.

आमच्या कंपनीला काम मिळालं होतं ते धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं. किनाऱ्याच्या उत्तरेच्या अर्ध्या भागात बंगले झाले होते, अगदी वाळू सपाट करून बांधलेले, आणि उधाणाचं पाणी त्यांच्या कुंपणाला लागत होतं. बंधारा तिथे बांधायचा होता. काकांनी माझ्या हातातला नकाशा घेतला, जमिनीवर पसरला आणि चारी बाजूंनी फिरून वाचला. ड्रॉइंग वाचायची त्यांना सवयच होती. मग बंधाऱ्याच्या रेघेच्या दक्षिण टोकावर बोट ठेवून म्हणाले, "इथं संपणार?" मी हो म्हटलं. "लाट भिंतीवर आपटणार, परत फिरताना पायाखालची वाळू घेऊन जाणार. ते त्यांचं ते बघतील. पण भिंत संपते तिथं पाणी वळणार आणि मागून आत शिरणार. तिथं कोण आहे? आम्ही आहोत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे लिही बाय. माझं नाव घाल हवं तर."

मी लिहिलं. चांगली दोन पानं लिहिली, त्यांच्या नावासकट, सोबत आकृती काढली. बंधाऱ्याचं टोक हळूहळू उतरतं करावं, वाळूची भर घालावी, गावाच्या भागाचं वेगळं मोजमाप व्हावं, असं सुचवलं. आमच्या साहेबांनी अहवाल वाचला आणि शांतपणे म्हणाले, "सुजाता, बंधारा कसा बांधायचा हे आपल्याला विचारलंय. बांधायचा का, असं कोणी विचारलेलं नाही. ही दोन पानं काढ." मी काढली. अर्धं मिनिटही लागलं नाही. वाद घालता आला असता, निदान एकदा 'पण' म्हणता आलं असतं. मी 'ओके सर' म्हटलं.

त्यानंतर गावात बैठक झाली. होड्या समुद्रात होत्या, आलेली माणसं नऊ. काका थोडा वेळ बसून सह्यांच्या आधीच उठून गेले होते. साहेबांना ते पुरेसं वाटेना. "त्या पास्कूची सही घे. गाव त्याचं ऐकतं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन वाडीत गेले. कागदावर वर टाइप केलेलं होतं की खाली सही करणाऱ्यांनी प्रस्ताव समजून घेतला आहे आणि त्यांची त्याला सहमती आहे. ते मीच टाइप केलं होतं. काका वांग्यांना पाणी देत होते, चष्मा घरात होता. "काय लिहिलंय बाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हजेरी आहे काका, कालच्या बैठकीची." त्यांनी हाताची माती पँटला पुसली, पेन घेतलं. मग थांबून म्हणाले, "माझं म्हणणं घातलंस ना रिपोर्टात?" मी म्हटलं, "हो." त्यांनी एक एक अक्षर सुटं काढत पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. मग जाताना मला काकूंनी चार वांगी दिली आणि मी ती घेतली.

बंधारा झाला. पहिल्या दोन पावसाळ्यांत फारसं कळलं नाही. मी अधूनमधून जायचे, जेवायचे, सगळं ठीक आहे असं स्वतःला सांगायचे. मग दिवाळीनंतर वाळू पूर्वीसारखी परत येईना. बंधाऱ्याच्या टोकाशी पाणी काटकोनात वळून आत घुसायला लागलं. सुरूची पुढची रांग गेली, मागची गेली, मासळी सुकवायची जागा गेली, वाळूतला जुना क्रूस एका बाजूला कलला म्हणून गावकऱ्यांनी तो उचलून चर्चच्या आवारात नेला. काकांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, मग खारट. वांगी जळली. सहा वर्षांपूर्वी गावाने तक्रार केली. पुढे सांतानकाका होते. सरकारी कचेरीत अधिकाऱ्याने फाइल उघडून कागद त्यांच्यापुढे सरकवला, "तुमच्याच माणसांची संमती आहे की," आणि सांतानकाकांनी त्या नऊ-दहा सह्यांमध्ये आपल्या धाकट्या भावाचं नाव वाचलं. बाकीची माणसं साधीभोळी, कोणी अंगठा उठवलेला. पण पास्कू वाचणारा माणूस.

पुढचं मला काकूंनी फोनवर सांगितलं. मला सांगतायत म्हणजे कोणाला सांगतायत, हे त्यांना माहीत नव्हतं. रविवारी चर्चच्या आवारात सगळ्यांसमोर सांतानकाकांनी कागदाची प्रत वाचून दाखवली आणि विचारलं, "सही तुझी आहे?" काका म्हणाले, "माझी आहे." "वाचून केलीस?" काका म्हणाले, "हो, वाचून केली." त्या दिवसापासून भावाने घरी येणं बंद केलं. बंगलेवाल्यांनी पैसे चारले असतील असंही कोणी कोणी बोललं. काका चर्चला जायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि मिस्सा संपायच्या आत उठून यायचे. काकू फोनवर म्हणाल्या, "असं कसं केलं असेल गं यांनी? तू तेव्हा इथंच असायचीस, तुला काही बोलले होते का?" मी म्हटलं, "नाही काकू."

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की त्या गावाची तक्रार आली होती, सहीच्या कागदावर मिटली. "बरं झालं तेव्हा घेऊन ठेवलीस." मला पुढच्या वर्षी बढती मिळाली. त्या सहीमुळे नाही, पण मिळाली. आणि मी गावात जाणं सोडलं.

गेल्या वर्षी पावसाच्या आधी एकदा ऑफिसच्या वॉचमनचा फोन आला, खाली कोणी पास्कल म्हणून आलेत. जुन्या वर्कशॉपच्या मालकाला भेटायला आले होते, तसेच इकडे वळले. खूप वाळले होते. वर यायला तयार होईनात, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मीच म्हटलं, "काका, ती सही..."

"सही माझी होती ना? मग झालं."

"मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

"ठाऊक आहे. सांतानने वाचून दाखवलं तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

काकांनी ग्लास खाली ठेवला. "तुझी नोकरी गेली असती, हे एक. पण सगळं तुझ्यासाठी नाही केलं हां, उगाच मला मोठा करू नको. तीस वर्षं या गल्लीत ड्रॉइंग वाचून काम केलं मी. साहेबलोक चुकायचे, मी दाखवायचो. आणि कागद न वाचता सही केली म्हणून भावासमोर सांगू? वाचून केली म्हटलं तर वाईट ठरतो, न वाचता केली म्हटलं तर मूर्ख ठरतो. मी वाईट घेतलं." ते थोडं हसले. "आता तेच पांघरून बसलोय."

काका ज्या कामासाठी आले होते ते त्यांनी मग सांगितलं. "एकदा लेव्हल लाव येऊन. पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा. पाणी किती आत आलं ते मोजून आकडे दे. सांतानला लागतील ते. माझं नाव नको घालू, तो घेणार नाही." मी म्हटलं, "येते काका, नक्की येते." पाऊस आला, सरला, दिवाळी झाली. मला वेळ नव्हता असं नाही. मला त्या बंधाऱ्याच्या टोकाशी उभं राहायचं नव्हतं. थंडीत काका गेले.

काकांना जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्सेला मी गेले ती ठरवून गेले. मिस्सा झाल्यावर स्वयंपाकघरात काकूंना सगळं सांगितलं. चष्मा, हजेरी, 'हो', काढलेली दोन पानं, सगळं. काकू मासे धूत होत्या. त्यांचे हात थांबले, नळ तसाच चालू राहिला. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "आता सांगतेस? सहा वर्षं मी त्या माणसाला विचारत होते, का केलंत, का केलंत. एकदा तर दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी." मग नळ बंद केला. "मला सांगून काय होणार? गावाला सांग. रविवारी सगळे आवारात असतात."

रविवारी मी चर्चच्या आवारात उभी राहिले. चाळीसेक माणसं असतील. मी भाषण तयार केलं होतं, ते आठवलं नाही. एवढंच म्हटलं, की पास्कूकाकांची ती सही मी खोटं बोलून घेतली. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता, मी हजेरी आहे म्हणाले. बंधारा झाला तर गाव खचेल हे सगळ्यांच्या आधी त्यांनी सांगितलं होतं, ते मी लिहिलं आणि मीच काढून टाकलं. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. एक म्हातारी म्हणाली, "आणि तो आम्हाला म्हणाला, वाचून केली." मागून एकाने विचारलं, "तरी तू त्याच्या घरी येऊन जेवायचीस?" मी म्हटलं, "हो." मग एक तरुण, बोटीवर जाणारा, पुढे आला. "हे लिहून देशील? कचेरीत लावायला?" मी तिथेच चर्चच्या पायरीवर बसून लिहून दिलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सही केली. त्याची एक प्रत मी माझ्या ऑफिसातही दिली आहे. पुढे जे व्हायचं ते होईल. आकडेही घेते आहे आता, दर पंधरा दिवसांनी. ते काकांच्या हयातीत घ्यायचे होते.

मी लिहीत होते तेव्हा सांतानकाका एका बाजूला काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ऐंशी वर्षांचा माणूस. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कागद झाला तसे ते वळले आणि आपल्या घराच्या दिशेने न जाता समुद्राच्या बाजूच्या वाटेला लागले. काकू त्यांच्या मागे, त्यांच्या मागे मी. काकांच्या फाटकाशी येऊन ते थांबले आणि काकूंची वाट बघत राहिले. काकू आल्यावर म्हणाले, "सिसिल, आत येऊ?"

"या ना," काकू म्हणाल्या. "कोणी बंद केलं होतं?"

ते ओट्यावर थांबले नाहीत, पुढच्या खोलीतही नाही. लहानपणापासून ओळखीचं घर, सरळ मागच्या खोलीत गेले. तिथे काका झोपायचे. लोखंडी खाट, खुंटीवर एक सदरा, समुद्राकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीबाहेर कधी काळी सुरूची झाडं होती, त्यांच्यापुढे वाळू आणि वाळूच्या पुढे समुद्र. आता खिडकीखाली चार ओळी दगड रचलेले होते, काकांनी एकट्याने रचलेले, आणि त्यांना लागून पाणी. भरती चढत होती. सांतानकाकांनी खिडकीचे गज धरले आणि खाली बघत राहिले.

"पाणी एवढं आलंय?" ते म्हणाले.

"सहा वर्षं येतंय," काकू म्हणाल्या. "तुम्ही आला नाहीत."

सांतानकाका खाटेवर बसले. लाट दगडांवर फुटली की शिंतोडे आत येऊन चादरीवर पडत होते. ते त्यांनी तळहाताने पुसले. पुन्हा पडले, पुन्हा पुसले. मी दारात उभी होते. आत ये असं मला कोणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.